न हसणाऱ्या सासूचा फोटो

लॅमिनेशनचं मशीन तापून प्लास्टिकचा जळकट वास सुटला, की मला परतूरच्या माझ्या फोटो स्टुडिओतली ती दुपार आठवते. दोन-तीन वर्षं झाली असतील. फोटो लॅमिनेट करायला मशीन तापत ठेवलं होतं, बाहेर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि कापसाचे तंतू दारातून तरंगत आत येत होते. साठीची एक बाई खुर्चीत बसून कधीच वारलेल्या सासूचं वर्णन सांगत होती. सासूचा एकही फोटो नव्हता आणि नातवंडांना तो भिंतीवर पाहिजे होता. ती सांगेल तसं मी एआयला लिहीत होतो: म्हातारी, सावळा रंग, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. दर वेळी गोड हसरी आजीच यायची. "हे कोण दाखवून राह्यले तुम्ही? आमच्या आत्याबाई कधी हसल्याच न्हाईत." शेवटी मी वैतागून म्हणालो, "मावशी, दिसायच्या कशा ते राहू द्या, बघायच्या कशा ते सांगा." ती मग हळूच म्हणाली, "मी भाकरी थापायला बसले की पाठीमागं येऊन उभ्या राह्यच्या. बोलायच्या न्हाईत. नुसता ओठ दाबून, माझी भाकर फाटायची वाट बघायच्या." मी एकही शब्द न बदलता तसंच लिहिलं. स्क्रीनवर चेहरा उमटला आणि बाई झटकन खुर्चीतून उठली, डोक्यावर पदर ओढला, मान खाली घातली आणि त्या चेहऱ्याला म्हणाली, "आले, आत्याबाई." फोटो न घेताच ती निघून गेली. चित्र मी तेव्हाच पुसून टाकलं. पण तो वास आला की अजून पाठीमागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, आणि वळून बघायची माझी छाती होत नाही.