वायर पुरेल तिथवरच बँक

भाऊसाहेबानं खिडकीच्या गजातून मशीन बाहेर सरकवलं. अंगठ्याचं मशीन. काळं, मुठीत मावेल एवढं, मागं वायर. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि हात झटकन मागं घेतला.

'लाव बोट.'

माझ्या सासूनं टाचा उचलल्या. वायर आखूड, कट्टा उंच. तिनं हात ताणून बोट लावलं. मशीननं घेतलं नाही.

'घास.'

तिनं बोट पदराला घासलं. मग केसांना, तेल लागावं म्हणून. मग भिंतीला. परत लावलं. परत नाही. ऊन डोक्यावर आलेलं. आत पंखा फिरून राहिला होता आणि खुर्च्यांवर गावातली माणसं बसली होती. त्यांची बोटं आत लागायची, टेबलावर. आमची बाहेरून.

आमचं गाव कंधार तालुक्यातलं. गावात बँकेची शाखा नाही. बँकेनं भाऊसाहेबाला मशीन दिलं, लॅपटॉप त्याचाच, आणि त्याच्या घराच्या पुढच्या खोलीवर ग्राहक सेवा केंद्र म्हणून बोर्ड लागला. घर मोठं, जमीनजुमला मोठा. आधार नंबर सांगायचा, अंगठा लावायचा, पैसे घ्यायचे. आधी निराधार योजनेच्या पगारासाठी म्हाताऱ्या माणसांना एस.टी.नं कंधारला जावं लागायचं, दिवस मोडायचा. बँक गावात आली म्हणून लोक लई खूश होते.

आमच्या भीमनगरसाठी ती खिडकीपर्यंत आली. तसा नियम कुणी केला नव्हता. आमच्यातला पहिला माणूस दारात उभा राहिला तेव्हा आतून भाऊसाहेबाच्या आईनं नुसतं बघितलं. भाऊसाहेब उठला आणि मशीन खिडकीकडं नेलं. बस. दुसऱ्या दिवसापासून आमची माणसं आपणहून खिडकीकडं जायला लागली. लग्न होऊन आले तशी मीही गेले. पैसे हातात मिळायचे नाहीत, कट्ट्यावर ठेवलेले असायचे. आपण उचलायचे. आमचं बोट लागलं की तो कापसाला सॅनिटायझर लावून मशीन पुसायचा. कोरोना कधीचा गेला. आमच्यापुरता राहिला.

लग्नाआधी मी लातूरला डाळ मिलमध्ये कामाला होते. पगार खात्यावर यायचा. तिथल्या शाखेत टोकन घ्यायचं आणि मिळेल त्या खुर्चीवर बसायचं. शेजारी कोण बसलंय, कुणी विचारत नव्हतं. काउंटरवरची बाई खेकसायची, पण सगळ्यांवर खेकसायची. म्हणून मला कळत होतं की बँक अशी नसते. कळत होतं आणि मी खिडकीशी उभी राहत होते.

त्या दिवशी सासूनं आणखी एकदा बोट दाबलं आणि वायर निसटली. मशीन कट्ट्यावर आडवं पडलं. भाऊसाहेब आतून म्हणाला, 'मोडून टाक आता. तुम्हा लोकांची बोटंच तसली. चल, जा. पुढल्या आठवड्यात ये.'

सासू म्हणाली, 'चुकलं, दादा.'

तिच्या तोंडचा तो शब्द मला सहन झाला नाही. तिचं काय चुकलं होतं? मी तिचा दंड धरला. पायऱ्या चढले. दारातून आत गेले आणि मोकळ्या खुर्चीवर तिला बसवलं.

ज्या बाईबरोबर मी कापूस वेचते ती तिथंच होती. तिनं मोबाईल काढला आणि त्यात बघत बसली.

'बाहेर व्हा आधी,' भाऊसाहेब म्हणाला.

'इथं लावून बघा बोट.'

'घर माझं हाय.'

'बोर्ड बँकेचा हाय,' मी म्हणाले.

त्यानं लॅपटॉप मिटला. आज बँक बंद, असं सगळ्यांना सांगितलं. खुर्चीवरची माणसं त्याच्यावर नाही, आमच्यावर चिडत उठली. सासू कधीच बाहेर गेली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, 'माझा पगार बंद पाडशील तू.'

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कंधारच्या शाखेत गेले. तिथल्या मशीननं तिचं बोट घेतलं. साहेब तरुण होता, चांगलं बोलला. एवढ्यासाठी इथवर का आलात, गावातच सोय केलीय ना तुमची, असं त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं. खिडकी, वायर, कापूस. त्यानं मान खाली घालून ऐकलं. लेखी द्या म्हणाला. मी तिथंच लिहून दिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, 'ताई, त्यानं केंद्र सोडलं तर गैरसोय तुमचीच होईल. विचार करा.'

कारवाई झाली. काय झाली ते सांगते. भाऊसाहेबानं खिडकीच्या बाहेर पत्रा ठोकला, सावलीला. पत्र्याखाली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. वायर नवी आणली, लांब. साहेबानं मला फोन करून विचारलं, आता तक्रार नाही ना?

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, ऊन तरी लागत नाही. सासू त्या खुर्चीवर बसून पगार घेऊन आली.

माझा नवरा गवंडी आहे. गावातली निम्मी कामं भाऊसाहेबाच्या लोकांचीच. दोन ठिकाणांहून त्याला नको म्हणून निरोप आला. भाऊसाहेबाचे चुलते चौकात विचारून गेले, 'बायको ॲट्रॉसिटी करून राहिली का?' नवऱ्यानं गुपचूप कंधारला जाऊन, माझी सही स्वतःच करून, माझ्या खात्याच्या एटीएम कार्डाचा अर्ज केला. कार्ड आल्यावर माझ्यापुढं ठेवलं. 'महिन्यातून एकदा कंधारला जा, पैसे काढ. त्याचं तोंड बघू नको. मिटव आता.'

तो वाईट माणूस नाही. त्याला काम पाहिजे. मी कार्ड कपाटात ठेवलं, पाकीट न फोडता. ते वापरलं की मी एकटी सुटते. सासू पत्र्याखालीच राहते. आणि उद्या माझी लेक मोठी झाली की ती.

परवा मी केंद्रात गेले. दारातून. खुर्चीवर बसले. भाऊसाहेबानं माझ्यामागून आलेल्यांची कामं केली. दुपारी लॅपटॉप मिटला आणि आज होत नाही म्हणाला. मी म्हटलं, उद्या येते. काल परत गेले. काल सासू माझ्या मागोमाग दारापर्यंत आली, आत कोण आहे ते बघितलं आणि परत फिरली.

पोलिसात अर्ज द्यायचाय. तोही देणार. कामं आणखी जातील, हे मला कळतं. नवऱ्याला मी रात्रीच सांगितलंय.

सासू आत येवो न येवो. आज केंद्र उघडलं की मी जाऊन बसणार. माझं बोट त्या टेबलावर लागेपर्यंत रोज बसणार. आणि लागल्यावर त्यानं मशीन पुसायला कापूस घेतला, तर त्याचा हात तिथंच धरणार.