लोहाची गोळी आणि वर दोन चमचे

चूक माझीच, आणि ती मी तीन महिने रोज सकाळी चमच्याने मोजून केली.

बायकोच्या गर्भाशयात गाठी होत्या. ऑपरेशन ठरलं, पण दर महिन्याच्या जास्त रक्तस्रावाने अंगात रक्त कमी. आधी हिमोग्लोबिन वाढवा, मग तारीख देते, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळी घेतली की हिच्या पोटात आग पडायची. आता फरीदाबादच्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत बसून आयुष्यभर आम्लात थेंब थेंब अल्कली सोडणाऱ्या माणसाच्या घरात आग? डॉक्टरांना कोण विचारतो! गोळीच्या पाठोपाठ मी तिला अँटासिडचे दोन चमचे द्यायला लागलो. वर व्याख्यान फुकट: यातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तुझ्या जठरातल्या आम्लाला भेटतं, दोघांचं मिळून क्षार आणि पाणी होतं, भांडण खलास. ती म्हणाली, बिल्कुल आराम पडला. एवढं कौतुक कारखान्यात माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

हिमोग्लोबिन मात्र हलेना. ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. मी बीट आणि खजूर आणत राहिलो, आणि रक्त तपासणाऱ्यांच्या मशीनला नावं ठेवत राहिलो.

तिसऱ्या खेपेला बाईंनी विचारलं, गोळी नेमकी कशी घेता? मीच पुढे होऊन ऐटीत सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अंकलजी, आयरन को वही एसिड तो चाहिए था."

लोह आम्लात चांगलं विरघळतं, हे मी कारखान्यात नव्या लोकांना शिकवतो. पण जठरातलं आम्लही काही कामासाठी असेल, हे डोक्यातच आलं नाही. बाईंनी गोळी बदलली, अँटासिड गोळीच्या पाठोपाठ नको, मधे चांगले दोन-तीन तास जाऊ द्या म्हणाल्या. महिन्याने पुन्हा तपासू. मी विचारलं, मधे रक्तस्राव वाढला तर? तर दाखल करून रक्त चढवावं लागेल, असं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

ई-रिक्षात मी सगळा वेळ बोलत होतो. नेमकं कुठे चुकलं, समीकरण कसं बरोबरच होतं, वगैरे. ती रस्त्याकडे बघत होती. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली, दम लागला होता. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, माझं चुकलं गं.

"आम्लाचं राहू द्या हो," ती म्हणाली. "तीन महिने मी येताजाता इथेच बसतेय. तुम्ही दर वेळी पुढे जाऊन कुलूप उघडता."