कागदाच्या झेंडूवर पाणी

कागदाच्या फुलांवर मी पाणी शिंपडलं. भर महालक्ष्म्यांच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, तांब्यात बोटं बुडवून, मोठ्या हौसेनं. कोवळ्या वयातली गोष्ट असती तर सांगितलीही नसती. पण तेव्हा साठी उलटली होती, चष्मा सोनेरी काड्यांचा होता आणि गल्लीतल्या बायका माझा सल्ला घ्यायला येत. आज सत्तरीच्या पलीकडून त्या बाईकडे बघते तेव्हा वाटतं, हिच्या हाती कपाटाची किल्ली तरी कशी देत होते लोक.

त्या वर्षी आमची इहीन, म्हणजे सुनेची आई, नेरहून यवतमाळला आमच्याकडे राहायला आली होती. आली कसली, लेकीनं ओढून आणली होती. लकवा येऊन गेला, पाय सावरले, पण उजवा हात थरथरायचा आणि त्यात काही धरवायचं नाही. हाताचा व्यायाम करून घेणारा डॉक्टर इथे यवतमाळात. पण लेकीच्या सासरी मुक्काम करायचा म्हणजे तिला कोण लाज. चहाचा कपही असा उचलायची, जणू कुणाला न विचारता घेतलाय. आणि तो उजवा हात दिवसभर पदराखाली. जेवायची तीही सगळ्यांची उठबस झाल्यावर, एकटी, डाव्या हातानं.

डॉक्टरनं दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो खिडकीत पडून असे.

"मी काय लेकरू आहो का, चेंडू खेळाले?" ती म्हणायची.

मग मी क्रेपचा कागद आणला, केशरी आणि पिवळा. मला कागदाची फुलं करता येत होती असं मुळीच नाही. फोनवर दोनदा बघितलं होतं, आणि तेवढ्या विद्येवर मी मास्तरीण झाले. कागदाची लांब पट्टी घ्यायची, एका कडेला बारीक चिरा द्यायच्या, पट्टी गुंडाळत न्यायची, खाली दोऱ्यानं आवळायचं, वरून फुलवायचं. झाला झेंडू. कात्री तिला धरवत नव्हती, म्हणून मी म्हटलं, हातानंच फाडा.

"कागद फाडाले लावून राह्यल्या. घरात लेकरानं फाडला असता त पाठीत धपाटा देला असता."

"तुम्हाले कोन मारते? फाडा बिनधास्त," मी म्हटलं.

खरी मजा पुढे. माझं फूल कसं व्हायचं, तर निवडणुकीत छातीला लावायच्या बिल्ल्यासारखं, ताठ. तिचा हात थरथरायचा, त्यामुळे कागद कुठे जास्त फाटायचा, कुठे कमी, आणि पाकळीला बारीक चुण्या पडायच्या. खऱ्या झेंडूला पडतात तशा. मी पाहत राहिले. मास्तरीणबाईंची अवस्था अशी झाली की मी माझी फुलं हळूच तिच्या ढिगात ढकलायची आणि ती तितक्याच हळू ती वेचून मला परत द्यायची. "हे तुमचं हाय," म्हणायची, फक्त एवढंच.

एका दुपारी ती म्हणाली, "दोन्ही महालक्ष्म्यांले हार करतो. चढले त हाताचं पुढचं पाहू. नाई त मले नेरच्या गाडीत बसवून द्या, अन् मंग त्या डॉक्टरचं नाव कोनी काहाडाचं नाई."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. आता ते हार चढणं आमच्या घरात सणाहून मोठं झालं.

हार झाले. महालक्ष्म्यांच्या गळ्यात चढलेही. आणि दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, इहीन सकाळपासून बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसली. हात पदराखालीच, पण बाहेर बसली, हे काय कमी झालं.

गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या. त्यांतली एक चौकस बाई हाराकडे वाकून म्हणाली, "फुलं कशी टवटवीत हायेत वो. कुठून आनले?"

आता मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हटलं, "पहाटेच आनले, बाभुळगावच्या मळ्यातून."

इहीन पदरात तोंड लपवून हसली. महिनाभरात पहिल्यांदा. त्या हसण्यानं मला चेव चढला. मी आणखी सांगितलं, मळा कसा, माळी कसा, भाव कसा करावा लागला. सांगता सांगता हात आपोआप तांब्यात गेला. जन्मभराची सवय, हार म्हटला की त्यावर पाणी मारायचं, म्हणजे सुकत नाही. आधी थोरलीच्या हारावर शिंपडलं, मग धाकटीच्या. चांगलं ओंजळभर.

क्रेपचा कागद पाण्यानं किती रंग सोडतो, हे त्या व्हिडिओत नव्हतं.

आधी एक केशरी थेंब उतरला. मग ओघळ. थोरलीच्या मोतिया रंगाच्या नव्या साडीवरून, निऱ्यांवरून, खालच्या रांगोळीत. फुलं ओल्या पापडासारखी खाली बसली. चौकस बाई म्हणाली, "मळ्यातल्या झेंडूले रंग मारतेत वाटते आजकाल," आणि प्रसादाचं ताट घेऊन बसली. ती साडी पुढे सुनेला मिळायची होती, म्हणून सून साडीकडे पाहत होती. मी इहीनकडे पाहत होते. ती खुर्चीतून उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार ओढून घेतलं.

मी तांब्या धरून तशीच उभी. बायकांना वाढणं चालू होतं, कढी वाढायला मला हाका येत होत्या, आणि माझ्या डोक्यात एकच: आता ही पिशवी भरणार, आणि तो हात कायमचा पदराखाली जाणार. तोही माझ्या शेखीपायी.

दार ढकललं. सूनही मागे आली. इहीनला काय सांगायचं ते मनात जुळवत होते, पण सांगायची वेळच आली नाही. पलंगावर पिशवी नव्हती. उरलेला केशरी कागद अंथरला होता, पदर खांद्यावर मागे टाकला होता, आणि लेकीसमोर, माझ्यासमोर, ती उजव्या हातानं पट्टी फाडत होती. हात पानासारखा हलत होता. तिनं वर पाहिलं नाही.

"इहीनबाई, तुमच्या घरी पोरगी देली ते ठीक झालं, पन बगिचा असता त देला नसता. बसा आता, हात पुसून दोरा धरा."