मावसोबांची चिमूटभर भुकटी

झाडाला तोंडावर आव्हान देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा निघाला. नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी सुरतेला गेलो, तेव्हा कतारगामला त्यांच्याकडेच राहत होतो. मावसोबा अमळनेरकडचे, एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. पण कापडाचे रंग हे पोटापुरतं काम. खरा ध्यास एकच: झाडात जे औषध असतं, ते झाडाशिवाय, काचेच्या चंबूत तयार करायचं. रस्त्यात दिसेल ते पान तोडून ते चावत, थुंकत आणि झाडाला म्हणत, "ठीक आहे, बघू!" जेवताना ताटातल्या वरणावर बोटाने रेणूचा षटकोन काढत, वरण निवून जाई, षटकोन मात्र पुरा होई. कामरेजला एका लग्नात हळद लावताना ते नवरीला म्हणाले, "यातला पिवळा रंग मी कारखान्यात बनवलाय. पुढच्या वेळी सांग, आणून देईन." "पुढच्या वेळी?" म्हणत नवरीच्या आत्याने त्यांच्या हातातली वाटीच काढून घेतली.

सात वर्षं त्यांनी अडुळशाचा पिच्छा पुरवला. खोकल्यावर गुण देणारं त्यातलं द्रव्य त्यांना बनवायचं होतं. शेवटी कारखान्याचे शेठ म्हणाले, "साहेब, हवे बस, आता पुरे. सोमवारी प्रयोगशाळेतलं तुमचं टेबल रंगवाल्यांना द्या." शनिवारी दुपारी मावसोबा मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. पाल्यातून काढलेले कण आणि स्वतः बनवलेले कण त्यांनी एकत्र घोटून केसासारख्या बारीक नळीत भरले. "दोन्ही एकच असतील तर ठरलेल्या तापमानालाच वितळतील. वेगळे असतील तर आधीच." नळी तापू लागली, थर्मामीटरचा पारा चढू लागला. मावसोबांनी श्वास रोखला, त्यांच्याकडे पाहून मीही. कण हटून बसले होते. अगदी ठरलेल्या अंशावर त्यांचं पाणी झालं.

"किती बनलं?" तेवढ्यात आत आलेल्या शेठनी विचारलं.

"चिमूटभर."

शेठ पोट धरून हसले, मग पेढे मागवले. टेबल मात्र सोमवारी द्यायचंच ठरलं. मावसोबांना त्याचं काही वाटलं नाही. भुकटीची कुपी खिशात घालून शिट्टी वाजवत ते घरी आले. मावशीने ती कुपी उन्हात धरून कितीतरी वेळ पाहिली.

"एवढी चिमूटले सात वरीस?" ती घरच्या अहिराणीत म्हणाली. "मंग झाड कसं करस हाई, निस्त्या पानीवर?"

मावसोबा तिच्याशेजारी पायरीवर बसले. "तेच तं माले समजत नही," ते हळूच म्हणाले, आणि कुपी परत न मागता समोर बघत राहिले.