आफ्रिकेची दशमी

माझ्या पोळ्या लहानपणापासून कधी गोल झाल्या नाहीत. मी लाटायला बसले की आई तव्याशी उभी राहून विचारायची, आज कुठला देश केलास? तेव्हा मला ते भयंकर झोंबायचं. आता त्याच हातगुणावर माझा रविवारचा वर्ग चालतो.

राऊ गावातल्या आमच्या बिल्डिंगमधली मुलं दुपारचा चहा झाला की माझ्याकडे येतात आणि मी त्यांना जगातले खंड शिकवते, दशम्यांमधून. दुधात कणीक भिजवायची, गूळ घालायचा, जाडसर लाटून सुरीने कडा कापायच्या. मग भोंडल्याच्या खिरापतीसारखा डबा झाकून ठेवायचा आणि खुणा सांगायच्या. इथे वाळवंट आहे, इथे जिराफ आहेत, सांगा कोण? जो ओळखेल त्याने तो खंड खायचा. मुलं मराठी, हिंदी, माळवी, जे तोंडाला येईल त्यात ओरडतात. ऑस्ट्रेलिया सगळ्यांना आधी ओळखू येतो. अंटार्क्टिकावर पिठीसाखर असते म्हणून त्यासाठी मारामारी.

हा वर्ग घरात भरतो, कारण मला घराबाहेर पडता येत नाही. आई विसरत चालली आहे. आम्ही पूर्वी शहरात, तुकोगंजात भाड्याने राहायचो, ते घर शोधायला ती निघते. एकदा महू रोडवर ट्रकांच्या मधोमध सापडली, पायात चप्पल नाही. तेव्हापासून दाराला आतून कुलूप असतं. मी शाळेत शिकवायला जाते तेवढा वेळ एक बाई तिच्याजवळ बसते. बाकी शाळा ते घर, घर ते शाळा. भाजी मोबाईलवरून मागवते. रात्री सराफ्यातल्या खाऊच्या दुकानांपुढे उभं राहून शेवटचं कधी खाल्लं, ते आठवत नाही. लोक म्हणतात, किती करता हो आईचं. मला त्या वाक्याचा वीट आला आहे. गळ्यात पडल्यावर माणूस करतोच, त्यात कौतुक कसलं?

त्या रविवारी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आफ्रिकेतल्या दार-ए-सलामच्या एका भारतीय शाळेने मला प्राथमिकच्या शिक्षिकेची जागा देऊ केली होती, दोन वर्षांसाठी. मी कुणालाही न सांगता अर्ज केला होता, मुलाखत शाळेच्या रिकाम्या वर्गात बसून मोबाईलवर दिली होती. सोमवारी सकाळपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं. आईला बरोबर न्यायचं म्हटलं तर डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, नवी जागा दाखवलीत तर आहे तेवढंही जाईल. म्हणजे प्रश्न माझ्या धाकट्या भावाकडे जात होता, आणि तो टोरंटोत.

शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, नेहमीसारखा. मी दोन वर्षं मागितली. आईला तू घेऊन जा, नाहीतर तू येऊन राहा, तुझं काम तर लॅपटॉपवरच असतं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग व्हिसा निघाला, तिकडची थंडी निघाली, विमा निघाला, नवराबायको दोघांच्या नोकऱ्या निघाल्या. वृद्धाश्रमाचं मी नुसतं नाव काढलं तर म्हणाला, आपल्या आईला तसं ठेवणं त्याच्याच्याने होणार नाही. जसं काही ठेवणार तो होता. शेवटी अगदी प्रेमाने म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून तर मी इथे निर्धास्त राहू शकतो."

भांडला असता तर बरं झालं असतं. मी फोन ठेवला आणि पीठ चाळायला घेतलं.

रविवारी मुलं आली तेव्हा माझ्या मनात अजून 'हो' जिवंत होतं. काहीतरी निघेल, कुणीतरी सुचेल, असं उगाच वाटत होतं. आशिया आणि युरोप मी नेहमी एकाच दशमीत करते. ती इतकी मोठी होते की तव्याबाहेर लोंबते. हे दोन वेगळे खंड कसे, एकच तर जमीन आहे, असं वरच्या मजल्यावरच्या चिमुरडीने विचारलं. बरोबरच विचारलं. मी म्हटलं, मधे उरल नावाचे डोंगर आहेत, आणि माणसांनी ठरवलं म्हणून. उलथन्याच्या कडेने मी दोन तुकडे केले. मग खुणा द्यायला लागले. सगळ्यात लांब नद्यांतली एक, हत्ती, सिंह, बर्फ असलेला उंच डोंगर. सगळे एका सुरात ओरडले, आफ्रिका. मी झाकण काढलं. डब्यात आफ्रिका नव्हती.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसून चावत होती. मांडीवर दक्षिणेकडचं टोक उरलं होतं.

"टीचरजी, आजीने आफ्रिका खाऊन टाकली," चिमुरडी म्हणाली आणि मुलं गडबडा लोळायला लागली. आईही हसली, सगळे हसत होते म्हणून. मलाही हसू यायला हवं होतं. पण मला तिच्या हातातला उरलेला तुकडा हिसकावून घ्यावासा वाटला. माझं एवढंसुद्धा तुला ठेवता आलं नाही, असं तिच्यावर ओरडावंसं वाटलं. मी तिचा राग करत होते, सरळ सांगते, आणि तिच्या हनुवटीला लागलेला गूळही पुसत होते.

मुलांना दक्षिण अमेरिका वाटून दिली आणि घरी पाठवलं. परात आवरून मी आईसमोर येऊन बसले. तिने पदर सावरला. आवाजात ती जुनी, पाहुण्यांशी बोलतानाची अदब आली.

"बाई, मुलांना छान शिकवता तुम्ही. पण आता निघा. उशीर झाला."

मी विचारलं, कुठे जाऊ?

"घरी. तुमची आई एकटी असेल ना."

"हो," मी म्हटलं. "एकटीच आहे."

"मग तिला सोडून इतका वेळ बाहेर राहू नये," आई म्हणाली.

मी तिथेच बसून मोबाईल काढला, दार-ए-सलामच्या शाळेला येऊ शकत नाही असं कळवलं, आणि तिच्यासाठी भात लावायला उठले.