धामणगाव बढे: रंग गेला, मीठ राहिलं

माझी भाची रेवती रसायनशास्त्र शिकवते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाळून तिनं नॅनो-कार्बन केला, त्यातून रंगकारखान्याचं लाल पाणी गाळणारं यंत्र बसवलं आणि म्हणाली, "आत्या, उद्घाटनाला ये." गुडघे नको म्हणत होते. त्यांचं ऐकायला हवं होतं.

नागपूरहून सकाळच्या गाडीनं मलकापूर. शेगावला खिडकीतून कचोरी घ्या, पुढे बरं काही मिळत नाही. मग एसटी. हा रस्ता करणाऱ्याला त्याच एसटीत मागच्या सीटवर बसवायला हवं. उशी न्या, मी गंमत करत नाहीये. दोन्हीकडे वेचून झालेली बीटी कपाशी, बांधावर पऱ्हाटी पेटलेली. बोंडअळी लागणार नाही म्हणून महागाचं बियाणं घेतलं, अळी लागलीच, आता तिच्यासकट झाडं जाळायची. बियाणं विकणारे धुरात कुठेच दिसले नाहीत.

कारखाना सलीमभाईंचा, सूत रंगवायचा. त्यांचं सांडपाणी मुरून शेजारच्या कांताबाईंची विहीर लाल झाली होती. सलीमभाईंनी शरमेनं काम बंद ठेवलं, विहीर उपसून, गाळ काढून दिली. नुकता गोड झरा लागला होता.

यंत्राला हार, नारळ, आणि चहा गार होईस्तोवर एका पुढाऱ्याचं भाषण. मग वरून लाल पाणी ओतलं, खालून काचेसारखं आलं. टाळ्या! तेवढ्यात मला दिसलं, पाइप थेट विहिरीत सोडलेला. काठावर कांताबाई विहिरीची ओटी भरायला ताट घेऊन उभ्या.

"हे काय?"

"मॅडम, बाईची विहीर म्या खराब केली. आता साफ पानी पयले तिलेच."

रेवती धावली. "सलीमभाई, फक्त रंग गेलाय! सूत रंगवताना घातलेलं मीठ तसंच आहे. किती वेळा सांगितलं?"

"पन ताई, मीठ तं दिसून नाही राह्यलं."

"विरघळलेलं मीठ दिसतं का कधी?" मी ओरडले. नन्सनी शाळेत आवाज खाली ठेवायला शिकवलं होतं, ते वाया गेलं.

कांताबाईंनी ताट खाली ठेवलं. "पयले लाल केली, आता खारट करता का, भाऊ? मले पानी पाहाले नाही, प्याले पाह्यजे!"

पुढारी म्हणाले, "धारेचा फोटो तं होऊ द्या."

मी पंपाचं बटण बंद केलं. सलीमभाईंनी खाली मान घालून पाइप स्वतः ओढून काढला. "मंग हे कुठी सोडू?"

"कुठेच नाही," रेवती म्हणाली. "मीठ वेगळं करायची सोय होईपर्यंत काम बंदच."

पुढारी गाडीत बसले. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा आम्हीच खाल्ला.

घरी आल्यावर शेजारणी विचारतात, "प्रयोग यशस्वी ना?" अर्धा, म्हणते मी, आणि त्यांना ते उत्तर आवडत नाही. परवा रेवतीचा फोन आला. सलीमभाई मीठ वाळवायला उथळ हौद बांधतायत, आणि कांताबाईंनी सलीमभाईंच्या घरचं पिण्याचं पाणी आपल्याच विहिरीवरून भरायला लावलंय. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आता राखन तोच करन."