शेवटच्या दोन फेऱ्या

आमच्या घरात गाठ मारायला बंदी आहे. बंदी घालणारे अर्थात आमचे हे. धक्क्यावरच्या दोरांच्या शेडमध्ये एकतीस वर्षं ते एकच काम करत आले. बोटी बांधायच्या जाड दोराच्या टोकाला दोराचंच कायमचं कडं करायचं. टोकाचे तीन पेड उकलायचे, दोर वळवून मागे आणायचा, आणि एकेक पेड मूळ दोराच्या पेडांखालून घालून करकचून ओढायचा. अशा पाच फेऱ्या. मग ते कडं धक्क्यावरच्या खुंटाला अडकवलं की बोट बांधली गेली. गाठ मारणं हे यांच्या लेखी आळशी माणसाचं काम. त्यामुळे आमच्या बादलीला कडं, किल्ल्यांना कडं, माझ्या चष्म्याच्या दोरीलाही कडं. एकदा तर कपड्यांच्या दोरीचं कडं यांनी खिडकीच्या गजाभोवतीच विणून टाकलं. आता ती काढायची तर दोरी तरी कापा, नाहीतर गज. तक्रार केली तर म्हणतात, "बघ, किती पक्कं झालंय!"

गेल्या वर्षी न्हाणीघरात साबणावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. शेडमध्ये मात्र सगळ्यांना वाटतं, ते शिडीवरून पडले. मी कशाला बोलू? प्लास्टर निघालं, पण हातात पूर्वीचा जोर काही आला नाही. मुकादमांनी निरोप धाडला, "सोमवारी सगळ्यांसमोर एक कडं करून दाखवा. वजनाला टिकलं तर तुमचं कामाचं टेबल तुमचं. नाहीतर फाटकावर बसा." येणाऱ्याजाणाऱ्याला फाटक उघडून द्यायचं या कल्पनेनेच यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

आठवडाभर सरावाच्या दोरांमुळे आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हे पेड घालायचे आणि मी ओढायची.

"अगं, जोर लाव! भाजी निवडतेयस का?"

"मग ओढा की स्वतः!"

यावर मान खाली घालून पुढचा पेड घालायला लागायचे. यांची ती खाली घातलेली मान मला अजिबात सोसायची नाही.

सोमवारी डबा द्यायचं निमित्त काढून मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. हे ओठ चावून एकेक पेड ओढत होते. कशाबशा पाच फेऱ्या झाल्या. मुकादमांनी कडं हुकात अडकवलं आणि दोराला लोखंडी वजनं टांगली. दोर ताणला, कुरकुरला, पण कडं तसूभर सरकलं नाही.

"टेबल तुमचं!" मुकादम म्हणाले. मला तर रडूच आलं.

आणि या शहाण्या माणसाने काय करावं? कडं हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाले, "नाही. शेवटच्या दोन फेऱ्या सैल आहेत."

"अहो, वजन पेललं ना त्याने?" मुकादम म्हणाले.

"वजन एकदाच ओढतं. लाट ओढते, सोडते, परत ओढते. हळूहळू पेड निसटत जातील. बोटीवर माणसं असतात, साहेब."

मला असा राग आला की डबा तिथेच आपटावा. आठवडाभर माझे तळवे सोलून निघाले, ते याच्यासाठी? आणि त्याच क्षणी या माणसाचा जितका अभिमान वाटला, तितका लग्न झाल्यापासून कधी वाटला नव्हता. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. डोक्यावर बसतील.

मुकादमांनी कडं हातात घेऊन स्वतः चाचपलं. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून फाटकावर बसा. पण तुम्ही चाचपल्याशिवाय एकही कडं बाहेर जायचं नाही."

पहिल्याच दिवशी यांनी तीन कडी परत पाठवली. त्यातलं एक खुद्द मुकादमांनी केलेलं होतं.